रोज चारला, मुळेकाकूंकडे

पावणेचार झाले तसं आईचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतो. मला पुण्याला न्यायला म्हणून तिनं सकाळीच चार जुड्या मागवून ठेवल्या होत्या आणि निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्याशिवाय ती मला भाजी हलवू देणार नव्हती. माझी बस सव्वापाचची होती. दोन दिवसांची माझी सुट्टी त्या जुड्यांबरोबर संपत आली होती.

"तू एवढी उरक," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

कुठे ते मला ठाऊक होतं. तरी मुद्दाम विचारलं.

"मुळेकाकूंकडे. चार वाजतायत."

"आई, माझी सव्वापाचची बस आहे."

"पावणेपाचला घरात असते मी. देठ फार ठेवू नकोस, कडू लागते."

तिनं एका हातानं ओट्याची कड धरली, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि दोन टप्प्यांत उठली. साडीला लागलेली पानं झटकली. कपाटावरून बायबल काढलं, काठी घेतली आणि गेली. फाटकाची कडी वाजली. मग वीस पावलांवर दुसऱ्या फाटकाची कडी वाजली.

मी एक्केचाळीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रमुख होते, आणि शेजारच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीवर जळत होते.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, संगमनेरच्या आमच्या घरातली. वडिलांनी शिक्षक वसाहतीत ते बांधलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबांच्या पोटातलं दुखणं कळल्यापासून ते जाईपर्यंत सात आठवडे आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं पाळीपाळीनं घरी येऊन प्रार्थना करत होती. बाबा गेले, आणि त्यानंतर मी चर्चची पायरी चढले नाही. भांडण केलं नाही, वाद घातला नाही. नुसती थांबले.

आईनं मला त्यावरून एका शब्दानं कधी काही विचारलं नाही. माझ्या मावशीनं कितीतरी वर्षं माझ्या पिशवीत गुपचूप पत्रकं सरकवली. चर्चचे पाळकसाहेब पुण्यात कामाला आले की माझ्याकडे डोकावून जात. आईनं मात्र काही नाही. मी घरी असताना ती जेवणाआधी डोळे मिटायची, ओठसुद्धा हलायचे नाहीत. नाताळच्या पहाटे एकटी उठून उपासनेला जायची आणि आल्यावर मला करंज्या कशा झाल्यात ते विचारायची. "चल" म्हणाली नाही. "का येत नाहीस" म्हणाली नाही. मी जगातल्या सगळ्या धर्मांवरची पुस्तकं वाचून काढली होती. बावीस वर्षं माझी उत्तरं तयार होती. प्रश्न कोणी विचारलाच नाही.

हळूहळू माझी समजूत झाली की तिनं मला सोडून दिलं आहे. मुलगी म्हणून नाही. मुलगी म्हणून ती माझ्यासाठी मेथी निवडत होती. पण तिच्या आयुष्यातली जी सगळ्यात मोलाची गोष्ट होती तिच्यात माझा वाटा तिनं ठेवलेला नव्हता. आणि तो वाटा रोज चार वाजता शेजारी जात होता.

मुळेकाकू म्हणजे वेणूताई मुळे. यजमान तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर वारलेले, मुलगा नाशिकला. घरात भलामोठा देव्हारा, चार वारांचे चार उपास आणि लाख वातींचा नेम. लाख वाती वळून देवळात द्यायच्या की दुसरा लाख सुरू. त्या वेळी तिसरा चालला होता. आई शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाली त्याच वर्षापासून ती रोज त्यांच्याकडे जाऊन त्यांना बायबल वाचून दाखवू लागली, एवढं मला माहीत होतं. पहिलं वर्षभर त्यांनी तिला व्हरांड्यातच बसवलं, हेही माहीत होतं. मी एकदा तिला म्हटलंही, की पिढ्यानपिढ्या आपल्याला बाहेर बसवलं ते पुरे नाही का झालं, तू आपल्या पायांनी जाऊन कशाला बसतेस. ती म्हणाली, "तिथे वारा छान येतो गं." पुढच्या वर्षी तिची खुर्ची हॉलमध्ये आली आणि त्यानंतर कधीतरी थेट स्वयंपाकघरात.

एकदा आईचा चष्मा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला गेले होते. मागच्या दारानं आत पाहिलं. मुळेकाकू पाटावर बसून कापसाची वात वळत होत्या. आई खुर्चीत बसून, चष्मा नसल्यामुळे, पाठ असलेली गोष्ट सांगत होती. येशू मरणातून उठल्यावरची. शिष्य रात्रभर मासे धरायला गेलेले, जाळ्यात काही नाही, आणि पहाटे काठावर येशू निखारे पेटवून त्यांच्यासाठी मासे भाजत बसलेला.

"मासे?" मुळेकाकू म्हणाल्या.

"मासे आणि भाकरी."

"मासे सोडले तर माणूस चांगला तुमचा."

आई हसली. मी तिला तसं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मुळेकाकूंनी वात ताटात टाकली, बोटांना राख लावली आणि म्हणाल्या, "पण काय हो, ज्यांनी ऐन वेळेला त्याला ओळखसुद्धा दिली नाही, त्यांच्याचसाठी चूल पेटवली होय त्यानं? आणि विचारलं नाही काही, की बाबांनो, तेव्हा कुठे होतात?"

"आधी जेवा म्हणाला."

"हे मला पटत नाही," मुळेकाकू म्हणाल्या, आणि पुढची वात घेतली. "पुढे काय झालं?"

मी चष्मा दाराशी फळीवर ठेवला आणि हाक न मारता परत आले. त्या बाईला पटत नव्हतं, तिला आमचा देव नको होता, तरी आई तिच्यापुढे बसून होती. तिच्या शंका, तिची थट्टा, तिचे कापूस लागलेले हात, सगळं आईला चालत होतं. मलाही पटत नव्हतं. माझ्यापुढे कोणी बसलं नव्हतं.

मेथी निवडून झाली, फडक्यात गुंडाळून झाली. पावणेपाच झाले. मी पिशव्या व्हरांड्यात आणून ठेवल्या. कोपऱ्यावरून रिक्षा बोलावून आणली. पाच वाजायला पाच मिनिटं असताना पलीकडच्या फाटकाची कडी वाजली आणि आई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"काकूंनी चिवडा दिलाय तुला. गरम आहे अजून."

"मला नको."

"अगं, तुझ्यासाठी मुद्दाम..."

"तूच खा."

तिनं डबा व्हरांड्याच्या कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात तिच्याच लक्षात आलं. "बघ, डबा घेण्याच्या नादात पुस्तक तिथेच राहिलं. असू दे, उद्या आणीन."

मी रिक्षात पिशव्या टाकल्या. बसावं आणि निघावं, इतकं सोपं होतं. पण मी फाटकाशी वळले आणि म्हणाले, "तुला माझ्यापेक्षा त्या जवळच्या वाटतात, आई. वाटू देत. निदान आज तरी थांबायचं होतंस."

ती काठी टेकत फाटकाशी आली. मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला. हाताला मेथीचा वास होता.

"नीघ," ती म्हणाली. "बस चुकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन आला. मुळेकाकूंचा. दूधवाल्यानं दोनदा हाक मारली, फाटकाला पिशवी लावून गेला, ती कितीतरी वेळ तशीच लटकलेली दिसली म्हणून त्या बघायला आल्या. आई अंथरुणातच गेली होती. झोपेत. काकूंनी हे सगळं सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तू ये. मी बसलेय तिच्यापाशी." माझ्या आईपाशी त्या बसल्या होत्या. मी पुण्यात दाराशी चपला शोधत होते, आणि तेव्हाही मला तेच खटकलं.

दफनविधी त्याच दिवशी संध्याकाळी झाला. चर्च भरलं होतं. आईच्या शाळेतल्या तीन पिढ्या आल्या होत्या. मुळेकाकू अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसल्या. सगळे चपला घालून आत आले होते, त्यांनी एकट्यांनी बाहेर काढून ठेवल्या. कबरेत माती टाकायला ओळ लागली तेव्हा त्या बाजूला उभ्या होत्या, टाकायची असते की नाही हे माहीत नसल्यासारख्या. मला दिसत होतं. मूठभर माती उचलून मी त्यांच्या हातात द्यायला हवी होती. मी दिली नाही. शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोनं दिली.

परत येताना मंडळीतल्या दोघीतिघी त्यांच्याभोवती जमल्या. अमोलिकबाईंनी, म्हणजे आईनं, अकरा वर्षं तुमच्यासाठी किती कष्ट घेतले, असं एकीनं म्हटलं, आणि दुसरीनं हळूच विचारलं, की मग आता तुम्ही बाप्तिस्म्याचं काय ठरवलंय.

"मी?" मुळेकाकू म्हणाल्या. "छे हो. माझे देव माझ्या घरी आहेत. तिला माहीत होतं."

मी मागून चालत होते. माझ्या मनात आलं, म्हणजे एवढं सगळं घेऊन या बाईनं काही घेतलंच नाही. दिलेलं सगळं पायरीवरच ठेवून गेली. आणि ज्या हातात ते देता आलं असतं, निदान झिडकारलं जाण्यासाठी तरी, ते माझे हात आईला दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशीची उपासना आटोपली. मावशी शेवटच्या गाडीनं गेली. घर रिकामं झालं. चार वाजता मी बायबल आणायला गेले. चारच वाजले आहेत हे मला फाटकाशी गेल्यावर कळलं.

मुळेकाकू स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात कापूस होता, पण हात मांडीवर नुसते पडले होते. देव्हाऱ्यात समई लावलेली होती. समोर आईची खुर्ची, तिच्यावर दुमडून ठेवलेली उशी.

"ये," त्या म्हणाल्या. "येशील असं वाटलंच. बस तिथे."

मी बसले नाही. आईचं पुस्तक हवंय म्हणाले. त्या उठल्या, कपाटातून ते काढलं. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी उघडलं. बाबांच्या हाताच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि पानापानांत कापसाच्या वाती घातलेल्या होत्या. दहाबारा तरी. मी त्या एकेक करून काढायला लागले.

"असू देत," काकू म्हणाल्या. "खुणा आहेत. जिथे आमचं भांडण व्हायचं तिथे घालून ठेवायची ती."

मी थांबले. मग मला थांबता आलं नाही. आवाज चढवला नाही, तो माझा स्वभाव नाही. पण जे बोलले ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं.

"अकरा वर्षं तिनं तुम्हाला वाचून दाखवलं, काकू. तुम्हाला नको होतं तरी. शनिवार नाही, रविवार नाही, ताप असताना, मी घरी आलेली असताना. शेवटच्या दिवशीसुद्धा माझा एक तास तिनं तुम्हाला दिला. आणि मला एकदाही विचारलं नाही. मी तिची मुलगी होते. मला तिनं एकदा तरी विचारायचं होतं."

मुळेकाकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता.

"तुला कोणी सांगितलं," त्या म्हणाल्या, "की ती मला वाचून दाखवायला यायची म्हणून?"

"मी बघितलंय."

"वाचन नंतरचं. ती प्रार्थनेला यायची."

मला कळलं नाही. प्रार्थनेला तुमच्याकडे कशाला, असं मी विचारलं.

काकू पाटावर परत बसल्या आणि त्यांनी सांगितलं. आई निवृत्त झाली त्या वर्षी, उन्हाळ्यात, एक दिवस ती त्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. दोघींची ओळख तोवर येता-जाता मान हलवण्यापुरती. ती म्हणाली, तुमच्या व्हरांड्यात रोज दहा मिनिटं बसले तर चालेल का. काकूंनी विचारलं, कशाला. तर म्हणाली, मला प्रार्थना करायची असते. इतकी वर्षं शाळेत जाता-येता रस्त्यानं चालताना करत होते. आता शाळा संपली आणि गुडघेही गेले.

"मी म्हटलं, अहो, घरी जागा नाही का तुमच्या? एवढं घर आहे. तर म्हणाली, बाकी सगळ्यांसाठी घरी करते. एकीचं नाव तेवढं घरात घेता येत नाही."

मी बायबल मिटलं.

"मला वाटलं, बाई जरा अशीतशीच दिसते. पण डोळे बरे होते. म्हटलं बसा. आणि तुझ्या मनात असेल तर सांगते, बाहेर बसवलं ते सोवळ्यामुळेच. खोटं कशाला बोलू. तिलाही ते माहीत होतं. ती रोज यायची, डोळे मिटायची आणि मोठ्यानं बोलायची. मी आत. पण सगळं ऐकू यायचं. माझ्याच घरात मला चोरून ऐकल्यासारखं व्हायला लागलं. पुढच्या वर्षी म्हटलं, आत या बाई, निदान उघड ऐकते. आणि तुम्ही देवाशी बोलत बसणार आणि मी नुसत्या वाती वळत बसणार, हे काही बरं नाही. मलाही काहीतरी सांगत जा. तेव्हा ते पुस्तक आलं."

"मनात करायची प्रार्थना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मनात केली असती तर कोणाला कळणार होतं?"

"हेच मीही म्हटलं. तर म्हणाली, मनात घेतलं तरी घर तेच ना. शब्द दिलाय मी."

"कोणाला?"

"ते तू मला विचारतेस?"

आणि मग त्यांनी मला माझंच वाक्य सांगितलं. आईनं त्यांना एकदाच सांगितलं होतं, आणि तक्रारीच्या सुरात नाही, असं म्हणाल्या. बाबांच्या तिसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत चर्चमधून आणलेल्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. आमच्यात प्रार्थना करताना घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं करतात. आईची पाळी आली. तिनं "माझ्या एस्तेरला..." एवढंच म्हटलं, आणि मी उठले.

मला त्या दिवसाचं काय आठवत होतं ते सांगते. मी मागच्या दारानं बाहेर गेले, धुण्याच्या दगडावर बसले, पाय भाजत होते, एवढं आठवत होतं. दार आणि दगड आठवत होता. त्याआधी मी काय बोलले ते बावीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं. काकूंनी ते उच्चारलं आणि मला माझा एकोणीस वर्षांचा आवाज ऐकू आला. या घरात देवापुढे माझं नाव पुन्हा घ्यायचं नाही. घेतलंस तर या घरात मी पाय ठेवणार नाही. एवढी माणसं बसलेली होती. आणि आई म्हणाली होती, "बरं."

मी खुर्चीवर बसले. कधी बसले ते कळलं नाही.

मी विचारलं, ती काय मागायची.

"कायकाय," काकू म्हणाल्या. त्यांनी कापूस हातात घेतला होता. तो त्या नुसता पिंजत होत्या. "एस्तेरच्या डोळ्यांचा नंबर वाढू देऊ नकोस, तिचं सगळं कामच डोळ्यांचं. एस्तेरला वरचा मजला मिळालाय, पाण्याचे हाल होऊ देऊ नकोस. तुमच्या कॉलेजातल्या कोणाचं तरी लग्न दुसरीकडे झालं ना मध्यंतरी? त्या वेळी दोन महिने रोज तेच. तिला ते एकटीनं सोसावं लागतंय, तू जवळ राहा म्हणायची."

त्या माणसाबद्दल मी आईला कधी काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि मी परत चर्चला यावं म्हणून?"

"ते नाही." काकूंनी मान हलवली. "मीच एकदा सुचवलं. म्हटलं, एवढं मागताय तर ते पण मागा की, मुलगी आपल्या धर्मात परत येऊ दे. मला तर वाटत होतं तेच मागायला येतेय. तर हसली. म्हणाली, तिला कसं आणायचं ते तो बघेल, वेणूताई. मी नुसती रोज तिची आठवण करून देते."

देव्हाऱ्यातली समई स्थिर जळत होती. आधी व्हरांड्यात आणि मग इथे बसून माझी आई रोज, अकरा वर्षं, तिच्या देवाला माझ्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होती. मुळेकाकूंचे देव ऐकत होते. मुळेकाकूही.

"त्या दिवशी," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशी. तेव्हा काय म्हणाली?"

काकूंचे हात थांबले.

"त्या दिवशी मी तिला दारातूनच परत पाठवत होते. म्हटलं, आज कशाला आलात, पोरगी निघायचीय ना, जा तिच्याजवळ बसा. तर म्हणाली, ती निघायचीय म्हणूनच तर आले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. कापसाचे दोन धागे गालाला चिकटले. "रोज दहा मिनिटं लागायची. त्या दिवशी अर्धा तास डोळे उघडले नाहीत बाईनं. वाचलंच नाही काही. म्हणून ते पुस्तक तसंच राहिलं. मी चिवडा तळून घेतला तेवढ्यात."

काकूंनी मला पाणी दिलं. मी प्यायले. मग त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी अगदी साधेपणानं, एखादी अडचण सांगावी तसं सांगितलं, "काल चार वाजले तेव्हा मला कळेना काय करावं. मला तुमचं येत नाही. कसं सुरू करायचं, शेवटी काय म्हणायचं. म्हटलं आपल्या पद्धतीनं करू. समई लावली आणि तुझं नाव घेतलं. चाललं असेल ना?"

"चाललं असेल," मी म्हणाले.

फाटकापर्यंत त्या मला सोडायला आल्या. मी त्यांना नमस्कार केला, वाकून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, जेवायला ये, एकटी चूल पेटवू नकोस. मी येते म्हणाले. वीस पावलं चालून आमचं फाटक उघडलं.

पुढची खोली उपासनेनंतर होती तशीच होती. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, सतरंजी अर्धी गुंडाळलेली. मी बायबल टेबलावर ठेवलं. बराच वेळ उभी राहिले. डोळे मिटावेत का, ते कळेना. मिटले नाहीत. शेजारच्या कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग शांत झालं. मी त्याच्याशी बोलणार नव्हते. ते मला तेव्हा येत नव्हतं. मला एकीशीच बोलायचं होतं, आणि तिथेच, त्याच खोलीत.

"आई," मी मोठ्यानं म्हणाले, "माझं नाव घे. या घरात घे."